जगाच्या चावडीवर आदिवासी

पालघरहून बोईसरकडे निघाले की गाव मागे पडते न पडते तोच कोळगाव लागते. दहा-बारा वर्षांपूर्वी या नावाची ओळख आसपासच्या गावांपलीकडे कुणाला असण्याचे काही कारण नव्हते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, २०२१ च्या ऑगस्टात कोळगावला जिल्ह्याची नवी कचेरी सुरू झाली, आणि मोखाड्याच्या डोंगरातल्या माणसालाही हे नाव पाठ झाले. जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, अशा नाना कामांसाठी जव्हार, विक्रमगड, तलासरीकडून माणसे भल्या पहाटे निघून येथे येतात. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे या जिल्ह्यात शंभरांतली सुमारे ३७ माणसे आदिवासी आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया, दुबळा ही नावे आमच्या शाळेच्या हजेरीपटाशेजारच्या रकान्यात मी वर्षानुवर्षे लिहीत आलो. रकान्यात लिहिले म्हणजे ओळख झाली, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

गेली काही वर्षे ९ ऑगस्टला पालघरच्या रस्त्यावर तारपा वाजतो. आमच्या पिढीला ९ ऑगस्ट म्हटले की १९४२ आठवते, आणि पाठोपाठ १४ ऑगस्टला गोळीबारात पडलेले पालघरचे पाच हुतात्मे. त्यामुळे पहिल्यांदा ती मिरवणूक पाहिली तेव्हा ती क्रांतिदिनाचीच असावी असे मला वाटले. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलाने माझी चूक सुधारली. हा जागतिक आदिवासी दिन. तो ९ ऑगस्टलाच का, असे मी त्याला विचारले. त्याला ते सांगता येईना, आणि खरे म्हणजे मलाही ठाऊक नव्हते.

घरी येऊन शोधले तेव्हा कळले, की १९८२ साली याच तारखेला जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाची पहिली बैठक भरली होती. जगातील मूळनिवासी लोकांच्या हक्कांचा विचार करणारा असा हा पहिलाच गट. १९९४ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्या बैठकीची तारीख दिन म्हणून ठरवून दिली. म्हणजे आमच्या रस्त्यावर तारपा वाजतो तो दूर देशीच्या एका सभागृहातल्या बैठकीच्या स्मरणार्थ! त्या बैठकीत काय झाले, तेथे कोण बोलले, कोणत्या भाषेत बोलले आणि त्याचे पुढे काय झाले, याची आपल्याकडे कोणी विचारपूस केलेली दिसत नाही. ती करावी म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, हा विषय राज्यशास्त्राचा. वाङ्मयाच्या मासिकात, तेही दिवाळीत, त्याचे काय काम? पण जागतिक सभांतून बाहेर पडते ते शेवटी काय? निवेदने, जाहीरनामे, अहवाल, चित्रे. हे सारे कुणी तरी रचलेले असते. त्यात कुणी तरी बोलत असतो आणि कुणाला तरी बोलू दिलेले नसते. पुस्तकात 'मी' कोण, हे समीक्षक पहिल्यांदा विचारतो. तोच प्रश्न या कागदांना विचारला तर पुष्कळ गोष्टी उघड होतात.

जगाच्या चावडीवर जाण्याचा प्रयत्न आदिवासींनी बराच आधी करून पाहिला होता. १९२३ साली कॅनडातल्या इरोक्वॉय संघाचा प्रमुख डेस्काहे आपल्या लोकांनी दिलेला पासपोर्ट घेऊन जिनिव्हास गेला. तेव्हाच्या राष्ट्रसंघापुढे आपली तक्रार मांडावी एवढेच त्याचे मागणे होते. संघाने त्याला दारातच थांबविले. त्याने गावातल्या सभागृहात सामान्य लोकांपुढे भाषणे केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो रिकाम्या हाताने परतला. १९२५ मध्ये तो वारला. १९८२ च्या गटाने ते दार उघडले. मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का नसलेला आदिवासीही तेथे उठून बोलू शकत असे. आपल्याकडून रांचीचे डॉ. रामदयाल मुंडा यांच्यासारखी माणसे तेथे गेली. पुढे २००० साली कायम मंच स्थापन झाला. त्याच्या सोळा सभासदांपैकी आठ आदिवासी संघटनांच्या शिफारशीने घेतात, आठ सरकारांच्या. खुर्ची मिळाली, यात शंका नाही.

पण खुर्चीबरोबर बोलण्याची एक रीतही मिळाली. मोजून दिलेली मिनिटे, 'अध्यक्ष महोदय' ही सुरुवात, आणि राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एखादी भाषा. आमच्या वारल्याने तेथे बोलायचे ठरविले तर त्याचे बोलणे वारली बोलीतून मराठीत, मराठीतून बहुधा हिंदीत, तेथून इंग्रजीत आणि मग दुभाष्याच्या तोंडून फ्रेंच-स्पॅनिशमध्ये जाणार. प्रत्येक पायरीवर थोडे सांडते. 'खावटी' हा शब्द घ्या. पावसाळ्यात घरातला दाणा संपला की सावकाराकडून धान्य आणायचे आणि पीक आले की सवाई-दिढीने फेडायचे. त्यात आजोबाचे कर्ज नातवाच्या खांद्यावर येई. इंग्रजीत त्याचे 'कर्ज' झाले की त्यातला आषाढ-श्रावण गेला, उपास गेला. 'वरकस' म्हणजे डोंगरउताराची, भात न पिकणारी जमीन. नागली-वरई तिच्यावर, गुरांचा चारा तिच्यावर, भाताच्या रोपासाठी भाजायचा राबही तिच्यावरचा. सरकारी कागदात ती कधी पडीक होते, कधी वनजमीन. 'पाडा' म्हणजे वस्ती, हे खरे; पण पाडा म्हणजे कुणाच्या घरचे मूल रात्री कुणाकडे जेवले हे सगळ्यांना ठाऊक असलेली वस्ती. हे शब्द सांडले तर जे उरते ते खोटे असते असे नव्हे; ते कुठल्याही देशाला लागू पडेल असे होते, आणि म्हणून कोणत्याच पाड्याला आपले वाटत नाही.

या सभांमध्ये एका अक्षरासाठी वर्षानुवर्षे भांडण झाले, हे आपल्या वाचकांना गमतीचे वाटेल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५७ साली आदिवासींविषयी एक करार केला, क्रमांक १०७. त्याच्या नावातच 'पॉप्युलेशन' हा शब्द आहे, म्हणजे आपण खानेसुमारीत मोजतो ती लोकसंख्या. त्या कराराचा रोख असा, की या लोकसंख्येचे रक्षण करावे आणि हळूहळू तिला मोठ्या समाजात मिसळून टाकावे. भारताने तो १९५८ मध्ये मान्य केला आणि आजही भारतावर तोच बंधनकारक आहे. १९८९ मध्ये त्याच संघटनेने १६९ क्रमांकाचा नवा करार केला. त्यात 'पॉप्युलेशन' जाऊन 'पीपल्स' आले; मिसळून टाकण्याची भाषा गेली; आदिवासींना विचारल्याशिवाय त्यांच्याविषयी ठरवू नये, हे तत्त्व आले. भारताने हा करार अजून मान्य केलेला नाही. त्यातही 'पीपल' म्हणावे की शेवटी 'स' लावून 'पीपल्स' म्हणावे, यावर सरकारे अडून बसत. 'स' लावला की ती स्वतंत्र जनता होते आणि जनतेला स्वयंनिर्णय आला! १९९३ हे जे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले त्याच्या अधिकृत नावात हा 'स' नव्हता. २००७ च्या जाहीरनाम्यात तो अखेर आला. मराठीला हा झगडा कळणारच नाही, कारण आपला 'लोक' हा शब्द मुळात अनेकवचनी. एकटा लोक कोणी पाहिला आहे?

आपल्या देशाची भूमिका येथे थोडक्यात सांगणे न्यायाचे होईल. १३ सप्टेंबर २००७ रोजी मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आमसभेत आला तेव्हा १४४ देशांनी बाजूने मत दिले, त्यांत भारत होता. विरोधात फक्त चार होते: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. या चौघांनीही पुढे आपले मत बदलले. अकरा देश तटस्थ राहिले. भारताने मत देताना सांगितले, की स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय सत्तेखाली असलेल्या लोकांपुरता आहे; आणि आपल्याकडे सरकार आजवर असेच म्हणत आले आहे, की या देशात सारेच मूळनिवासी. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. आपल्या इतिहासात कोण आधी आला आणि कोण मागून, याची मोजदाद करायला बसलो तर घरोघरी भांडणे लागतील. पण पालघरच्या आदिवासीचा प्रश्न कोण आधी आला याचा नव्हताच. आलेल्या प्रत्येकाची वेठ कुणी केली, हा तो प्रश्न होता.

वेठीवरून आठवले. वेठबिगारीविरुद्धचा जागतिक करार १९३० चा. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांचे हाल सरकारी इंग्रजीत लिहून ठेवले: लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे 'लग्नगडी' होतात आणि आयुष्य संपते तरी कर्ज संपत नाही. १९३८ साली आपले श्यामराव परुळेकर भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या कामगार परिषदेला गेले होते. म्हणजे करार होता, अहवाल होता, जिनिव्हा पाहिलेला माणूसही होता. तरी वेठ चालूच होती. ती मोडली २३ मे १९४५ नंतर. त्या दिवशी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या, आता तलासरीत असलेल्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. वेठ करायची नाही, फुकट राबायचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरविले, पाडोपाडी जाऊन सांगितले आणि तसे वागले. त्याची किंमत ऑक्टोबरात तलवाड्याला द्यावी लागली. पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मेले. भारत सरकारने १९३० च्या करारावर मान्यतेची मोहोर उठविली ती १९५४ साली. या तारखा मी मुद्दाम ओळीने मांडल्या. राष्ट्रांच्या सह्या होण्याआधी नऊ वर्षे, सही करता न येणाऱ्या माणसांनी तो करार अमलात आणला होता.

झरीच्या त्या कथेचे पुस्तक मराठीत आहे, हे आपले भाग्य. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये निघाले. १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला आणि इंग्रजीतून ते बाहेरच्या जगातही गेले. पुण्याच्या गोखले घराण्यातली, कायद्याची पदवीधर बाई वारल्यांच्या झोपडीत राहायला जाते आणि जे दिसते ते अलंकार न घालता लिहिते, हे त्याचे सामर्थ्य. आपल्याकडे दलित-पीडितांविषयी लिहिताना कढ आणण्याची जी खोड होती ती या बाईंना नाही. मारझोडीचे वर्णनही त्या पंचनाम्यासारखे करतात आणि म्हणूनच ते वाचवत नाही. तरी या पुस्तकाशी माझे एक जुने भांडण आहे, आणि ते त्याच्या नावातल्या क्रियापदाशी आहे. माणूस 'जागा होतो' म्हणजे तोवर तो झोपलेला होता काय? रात्री सावकाराचे खळे राखणारा, पहाटे त्याची गुरे सोडणारा वारली झोपला कधी? तो गप्प होता, आणि गप्प माणूस झोपलेला असतो असे नाही. पुस्तकातला 'मी' पहिल्यापासून शेवटपर्यंत लेखिकेचा आहे. वारली तिच्या वाक्यातून बोलतो. पण न्याय करायचा तर असेही म्हटले पाहिजे, की हा 'मी' स्वतःला लपवत नाही. आपण कुठून आलो, आपल्याला काय कळत नव्हते, हे तो वाचकाला दिसू देतो. पाने उलटत जावे तसे वाटू लागते, की जागे होण्याची क्रिया बाईंच्याही बाबतीत चालू आहे. या एका गुणासाठी मी ते पुस्तक पुन्हापुन्हा मुलांना वाचायला दिले.

पालघर तालुक्याची पुढची कहाणी मराठीत नाही, ती इंग्रजीत आहे. स्वीडनमध्ये छापलेली आहे. उप्साला येथील डाग हामरशील्ड प्रतिष्ठानच्या 'डेव्हलपमेंट डायलॉग' या नियतकालिकाने १९७९ मध्ये भूमिसेनेवर एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. जी. व्ही. एस. डी सिल्वा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान आणि पोन्ना विग्नराजा हे त्याचे लेखक: दोघे श्रीलंकेचे, एक भारतातला, एक बांगलादेशाचा. यांपैकी रहमान हे जिनिव्हाच्या कामगार संघटनेत ग्रामीण गरिबांच्या सहभागाचे काम पाहत. 'सहभाग' हा शब्द जगातल्या विकासाच्या परिषदांत रूढ होत होता तेव्हा त्याच्या आधारासाठी जी मोजकी उदाहरणे दिली जात, त्यांत आमच्या पालघरच्या पाड्यांचे एक होते. पालघरात हे किती जणांना ठाऊक आहे?

अभ्यासातली कहाणी अशी. १९७० च्या भूमुक्ती सत्याग्रहात काही आदिवासी तरुण तुरुंगात गेले, त्यांत काळूराम धोदडे होते. सुटून आल्यावर त्यांना उमगले, की सत्याग्रह वर्तमानपत्रात झाला. जमीन होती तिथेच राहिली. मग त्यांनी आपल्या लोकांच्या बळकावलेल्या जमिनींवरचे उभे पीक कापून आणायला सुरुवात केली. संघटना वाढली. त्यानंतर बाहेरची भली माणसे मदतीला आली. त्यांनी शेतीसुधारणेच्या योजना आणल्या, कर्जे आणली. हेतू चांगला होता, यात वाद नाही. पण ठरविणारे ते आणि ऐकणारे आदिवासी, असे होऊन संघटना थंडावली. पुढे पाड्यापाड्यांतल्या तरुण मंडळांनी आपणच बैठका घेऊन ती पुन्हा उभी केली, आणि बाहेरच्यांनी यावे, समजून घ्यायला मदत करावी, काय करावे हे मात्र सांगू नये, असा आपला निर्णय सांगून टाकला.

या लेखनाचा दर्जा काय? ते पंडिती आहे. मधूनच सिद्धान्ताचा धूर इतका होतो की माणसे दिसेनाशी होतात. पाड्यावरची बाई तर त्यात फारच थोडी आहे. पण एक गोष्ट त्यात आहे, जी मी अशा अहवालांत क्वचित पाहिली. ज्यांच्यावर अहवाल लिहिला त्यांनी अहवाल लिहिणाऱ्यांच्या जातीच्या माणसांविषयी दिलेला निकाल त्यात नोंदवला आहे. सहानुभूतीने आलेला पाहुणाही घर ताब्यात घेतो, हे आदिवासींचे म्हणणे त्या पाहुण्यांच्याच पत्रिकेत छापून आले. मला विचाराल तर जगाच्या चावडीवर पालघरने केलेले सगळ्यांत मोलाचे भाषण हेच, आणि ते करायला पालघरहून कुणाला जिनिव्हाला जावे लागले नाही. दुःख एवढेच, की हा मजकूर पालघरच्या शाळेतल्या मुलाला वाचता येईल अशा मराठीत त्याच्या हाती पडत नाही. आपली विद्यापीठे दर वर्षी कशाकशाची भाषांतरे करवून घेतात, त्यांत या पानांना जागा होऊ नये?

आता चित्रांकडे वळू. चित्राला दुभाष्या लागत नाही, अशी आपली समजूत असते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्याविषयी सांगतात, की लहानपणी आई गेल्यावर या मुलाने बोलणेच सोडले आणि धुळीत बोटाने रेषा काढून तो आपले म्हणणे सांगू लागला. वारल्यांत भिंतीवर चित्र काढणे हे बायकांचे काम. लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा लग्न लागते. १९७० च्या सुमारास सरकारच्या हस्तकला विभागाकडून भास्कर कुलकर्णी हे चित्रकार कागद घेऊन पाड्यांवर आले आणि जिव्यांची रेषा भिंतीवरून कागदावर उतरली. पुढचे सर्वांना माहीत आहे: देशोदेशीची प्रदर्शने, २००९ चा हॉलंडचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

१९८९ सालच्या उन्हाळ्यात पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात 'धरणीचे जादूगार' अशा अर्थाच्या नावाचे एक मोठे प्रदर्शन भरले. युरोप-अमेरिकेतले नामांकित आणि उरलेल्या जगातले अनामिक असे शंभरावर कलावंत त्यात एका पंक्तीला बसविले होते. त्या पंक्तीत गंजाडचे जिव्या मशे होते. तो मे-जून-जुलैचा काळ. त्याच जूनच्या २७ तारखेला, पॅरिसपासून आगगाडीने काही तासांवर असलेल्या जिनिव्हात, मी मघाशी सांगितलेला १६९ क्रमांकाचा करार मंजूर झाला. एका गावी वारल्याचे चित्र टांगलेले. दुसऱ्या गावी वारल्याला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल ठरवू नये असा मसुदा. चित्राला जगाने आणि आपणही डोक्यावर घेतले. करार मात्र आपण बाजूला ठेवला आणि तो छत्तीस वर्षांहून अधिक काळ तसाच आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, असे मला कुणी पटवून द्यावे.

चित्राने आदिवासीचे काही भले केले नाही, असे मला म्हणायचे नाही. अनेक घरांत त्या रेषेने चूल पेटवली. पण चित्रातला वारली जगाला का आवडतो, याचा विचार केला पाहिजे. तो नाचतो, पेरतो, मासे पकडतो आणि कधीच काही मागत नाही. जिव्यांच्या चित्रातले जाळे पाहा. हजारो बारीक रेघांनी विणलेले ते जाळे पाहताना डोळे थकतात, आणि मला तरी त्यात निरागसता वाटत नाही. त्यात मेहनत दिसते, हिशेब दिसतो, एकही गाठ सुटू नये म्हणून घेतलेली काळजी दिसते. निरागस माणसाला असे जाळे विणता येत नाही. तरी पॅरिसपासून पुण्यापर्यंतचे रसिक 'आदिम', 'निष्पाप' ही दोन विशेषणे लावून मोकळे होतात. या दिवाळीत आपल्या दारातल्या पणतीवर, आकाशकंदिलावर, पोरीच्या कुर्त्यावरही तो तारप्याचा नाच असेल. असू द्या, दिसतो छान. फक्त नाचणाऱ्यांना बोलताही येते, एवढे लक्षात असू द्यावे.

ते बोलू लागतात तेव्हा चित्र बदलते. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. त्याच केंद्राच्या पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बुलेट ट्रेन आमच्या जिल्ह्यातून जाते. वाढवणच्या बंदराला २०२४ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली, सुमारे ७६ हजार कोटींचे काम, आणि ३० ऑगस्टला पालघरच्या सिडको मैदानावर त्याची पायाभरणी झाली. तेथला प्रश्न मच्छीमारांचा, शेतकऱ्यांचा आणि आदिवासींचाही आहे. भूमिसेना, आदिवासी एकता परिषद यांच्यासारख्या संघटना विरोधात उभ्या आहेत. बंदर व्हावे की न व्हावे, यावर या लेखात मी निवाडा देत नाही. माझ्या घरातच दोन मते आहेत. मला प्रश्न पडतो तो शब्दांचा. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रातली जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी 'सल्लामसलत' करावी असे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात तेथे 'पूर्वसंमती' आली. राष्ट्रसंघाच्या जाहीरनाम्याच्या ३२ व्या कलमातही संमतीच आहे: प्रकल्प मंजूर करण्याआधी, मोकळेपणाने दिलेली, सारे समजून दिलेली. सल्लामसलत आणि संमती यांत जेवायला बोलावणे आणि काय रांधायचे ते विचारणे एवढे अंतर आहे.

मागच्या वर्षी भाताची लावणी आटोपल्यावर एका पाड्यावरच्या मुलांनी मला बोलावले. जाहीरनाम्यातली काही कलमे मी मराठीत उतरवली होती. ती वाचून दाखवावी, असा त्यांचा आग्रह. समाजमंदिराच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसे जमली. मी वाचत होतो आणि एक मुलगा वाक्यावाक्याला ते वारलीत सांगत होता. माझ्या चार ओळींचे तो एका ओळीत सांगे, आणि कधी माझ्या एका शब्दापाशी थांबून पाच मिनिटे बोले. ३२ वे कलम आले. 'संमती' या शब्दापाशी मुलगा अडला. त्याने एक शब्द वापरून पाहिला, दुसरा वापरून पाहिला. म्हातारी माणसे आपसांत बोलू लागली.

तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने मला मास्तर म्हणून हाक मारली आणि आपल्या बोलीत काही विचारले. मुलाने मराठीत सांगितले: आजी विचारते, यात नाही म्हणायचे पण येते का, का नुसते हो म्हणायचे?

मी कागदाकडे पाहिले. मी शब्द वापरला होता 'संमती', आणि संमती घ्यायची असते, द्यायची असते; तिच्यात 'नाही' कुठेच दिसत नव्हते. येते, असे मी म्हणालो. आजीने पुन्हा विचारले, लिहिले आहे का? मुलाने ते मला सांगेपर्यंत मला कळले होते. नाही, लिहिले नव्हते. निदान मी तरी लिहिले नव्हते. ओट्यावरची माणसे हसली. माझी चूक सापडली म्हणून ती हसली असावीत असे मला वाटले, पण आजी हसली नाही. ती उत्तराची वाट पाहत होती.

मी खिशातले पेन काढून तिथेच त्या ओळीत 'होकार किंवा नकार' असे तीन शब्द घातले आणि वाक्य पुन्हा वाचले. मुलाने ते वारलीत एका दमात सांगितले, कुठेही न अडता. मग आम्ही ३३ व्या कलमाकडे वळलो.